गोंगाट, कॅसेट आणि आपला आवाज

गोंगाट कशाला म्हणायचे आणि संगीत कशाला, हे कोण ठरवते? वरवर पाहता हा प्रश्न संगीतशास्त्राचा वाटतो. पण तो सत्तेचा प्रश्न आहे, आणि आपल्या देशात तो जातीचाही प्रश्न आहे. मी संगीताचा अभ्यासक नाही. सांगलीच्या विश्रामबागेत राहून शाळेत इतिहास शिकवला, एवढीच माझी पात्रता. तरीही या विषयावर लिहावे असे वाटले, त्याचे कारण माझ्या घरातच घडले.

माझा भाचा येथे अभियांत्रिकी शिकतो. मागच्या पावसाळ्यात त्याने माझा जुना टेपरेकॉर्डर माळ्यावरून काढला, आतला सैल झालेला रबरी पट्टा बदलला आणि पोस्टाने मागवलेली एक परदेशी कॅसेट त्यात घातली. पत्रे घासल्याचा, यंत्र अडकल्याचा, खोल भट्टीत काहीतरी गुरगुरत असल्याचा आवाज खोलीत भरला. ताल म्हणावा तर तो घणाचा होता. मध्येच कोणी ओरडत होते, पण शब्द कळत नव्हते. पाच मिनिटांनी मी म्हणालो, "हा गोंगाट बंद कर. इथे माणसे राहतात."

तो म्हणाला, "मामा, जरा ऐका की. गोंगाटच आहे तो. मुद्दाम केलेला."

त्याच्या उत्तरापेक्षा माझ्याच वाक्याने मी दचकलो, कारण ते वाक्य माझे नव्हते. १९८४ साली मी याच विश्रामबागेत भाड्याची खोली घेऊन बी. ए. करीत होतो. १४ एप्रिलला संध्याकाळी याच टेपरेकॉर्डरवर मी भीमगीतांची कॅसेट लावली. दुसरे गाणे संपायच्या आत घरमालक दारात उभे राहिले. "हा गोंगाट बंद करा. इथे सभ्य माणसे राहतात," असे ते म्हणाले. त्या वर्षी गणपतीत त्याच गल्लीत दहा दिवस कर्णे लागले होते. त्यांना कोणी गोंगाट म्हटले नाही. पुढच्या महिन्यात मला खोली सोडावी लागली.

चाळीस वर्षांनी तेच वाक्य मी माझ्या भाच्याला ऐकवले. तेव्हा आपण काय बोललो याचा शोध घेणे मला भाग होते. त्या शोधातून जे हाती आले ते येथे मांडतो आहे.

प्रथम या परदेशी गोंगाटाचा इतिहास. १९१३ साली इटलीतील लुइजी रुसोलो या चित्रकाराने एक जाहीरनामा लिहिला. यंत्रयुगातील माणसाचे कान बदलले आहेत, आता संगीतात कारखान्याचा, रेल्वेचा, रस्त्याचा आवाज आला पाहिजे, असा त्याचा दावा होता. असे आवाज काढणारी यंत्रेही त्याने बनवली. त्याचे सोबती मात्र युद्धाचे गोडवे गाणारे होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

खरी चळवळ उभी राहिली ती १९७० नंतरच्या दशकात. इंग्लंडमधील शेफील्ड हे पोलादाचे शहर. तेथे १९७३ मध्ये कॅबरे व्होल्तेर नावाच्या तरुणांच्या गटाने टेपचे तुकडे जोडून आवाजांचे प्रयोग सुरू केले. १९७६ मध्ये थ्रॉबिंग ग्रिसल या गटाने लंडनमध्ये स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि तिचे नावच 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' ठेवले. त्यावरून या प्रकाराला औद्योगिक संगीत हे नाव पडले. १९८० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये 'कोसळत्या नव्या इमारती' अशा अर्थाचे जर्मन नाव घेतलेला एक गट पत्रे, स्प्रिंगा आणि ड्रिल यंत्रे घेऊन रंगमंचावर आला. त्याच वर्षी तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील त्रबोव्हल्ये या कोळसा खाणीच्या गावात लायबाख हा गट निघाला. जपानमध्ये मासामी आकिता यांनी १९७९ पासून 'मर्झबाऊ' या नावाने नुसत्या गोंगाटाच्या कॅसेटी काढल्या आणि पोस्टाने जगभर पाठवल्या.

या सर्वांच्या हाती कॅसेट होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट बाजारात आणली. तबकडी काढायची तर कारखाना, साचा, भांडवल आणि काही शे प्रतींची हमी लागे. कॅसेटला यातले काहीच लागत नसे. दोन टेपरेकॉर्डर आणि एक वायर असली की घरात बसून पाच प्रती काढता येत, पन्नासही काढता येत. कोणाची परवानगी नाही, कोणाची निवड समिती नाही. बाजाराला आणि रेडिओला जे नको होते ते लिफाफ्यातून एका शहरातून दुसऱ्या शहरात जाऊ लागले. असे हे भूमिगत जाळे तयार झाले आणि ते आजही पूर्णपणे विरलेले नाही. माझ्या भाच्याकडे आलेली कॅसेट त्याच जाळ्यातली.

हे सारे ज्या काळात घडले त्या काळात त्या देशांतील जुने कारखाने आणि खाणी बंद पडत होत्या. बापाच्या पिढीने ज्या आवाजात आयुष्य काढले तो आवाज थांबत होता, आणि मुलांची पिढी तोच आवाज हातात घेऊन वाजवत होती. यात काहींनी केवळ धक्का द्यायचा म्हणून नाझी छळछावण्यांच्या प्रतिमा आणि गणवेश वापरले. दुसऱ्याच्या यातनेचा असा दागिना करणे मला मान्य नाही. ज्यांची यातना असते त्यांना तिचा दागिना करता येत नाही. पण सगळेच तसे नव्हते. लंडनमध्ये भंगाराचे पत्रे आणि पिंपे वाजवणारा टेस्ट डिपार्टमेंट हा गट १९८४-८५ च्या ब्रिटिश खाणकामगारांच्या संपात उतरला. साउथ वेल्समधील संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदाबरोबर त्यांनी कार्यक्रम केले आणि एक तबकडीही काढली. येथे गोंगाट आणि माणसाचा आवाज एकाच फळीत उभे राहिले.

हे वाचताना मला आपला संप आठवणे साहजिक होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांतील गावेच्या गावे गिरणीच्या पगारावर जगत होती. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि हजारो कामगार पुन्हा कधी आत गेले नाहीत. माझे वडील त्यांतले एक. ते वरळीच्या बी. डी. डी. चाळीत राहत आणि गिरणीच्या रिंग खात्यात काम करीत. १९८३ मध्ये ते तासगाव तालुक्यातील आमच्या गावी परत आले तेव्हा त्यांच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, हा टेपरेकॉर्डर आणि नऊ कॅसेटी होत्या. आणि कान गेलेले होते. "पोरा, मोठ्यानं बोल," हे त्यांचे मला सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागलेले वाक्य. यंत्राच्या आवाजाने येणारा बहिरेपणा आपल्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. गावी परतलेल्या किती कामगारांना ते ठाऊक होते?

पण गिरणीचा गोंगाट सर्वांना सारखा वाटला गेला होता असेही नाही. गिरणीत सर्वांत कर्णकर्कश खाते विणकामाचे. तेथे शेकडो साचे एकाच वेळी धडधडत असत आणि शेजारच्याशी बोलायचे तर ओठांच्या हालचालीवर बोलावे लागे. त्याच खात्यात पगारही अधिक होता, आणि नेमके तेच खाते आपल्या माणसांना बंद होते. कारण धोट्यातली कांडी बदलली की धाग्याचे टोक छिद्रातून तोंडाने शोषून ओढावे लागे, आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण विणकरांना चालत नव्हता. म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या रिंग खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला. कामगारांच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांना त्यांनी विचारले की या एकजुटीत आमचे स्थान कोणते? दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे सांगितले, त्यामागे हा अनुभव होता.

माझे वडील गिरणीत लागले तोवर अस्पृश्यता कायद्याने गेली होती. पण नोकरी लागे ती नातेवाइकाच्या ओळखीने, आणि नातेवाईक ज्या खात्यात कोंडले गेले होते त्याच खात्यात पुढची पिढी जाई. कायदा बदलला तरी खाते बदलले नाही. गोंगाटालाही जात होती, असे मी म्हणतो ते या अर्थाने. कान आमचेही गेले, पण ज्या खात्यात कानाची किंमत जरा बरी मिळत होती त्याचे दार आम्हाला मिळाले नाही.

आता आपल्या कॅसेटचा इतिहास पाहू. तिची मुळे कॅसेटच्या फार आधीची आहेत. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सातारा-कोल्हापूरकडे सत्यशोधक जलसे गावोगाव फिरले. त्या जलशाच्या वाटेवरून आंबेडकरी जलसा आला. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात गणगौळणीच्या जागी हक्काची भाषा भरली. आपल्याच वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे मुंबईत गिरणी कामगार झाले आणि अमर शेख व गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकातून महाराष्ट्रभर गाजले. पुढे वामनदादा कर्डकांनी गावोगाव हिंडून हजारो माणसांच्या ओठी बाबासाहेबांचा विचार ठेवला.

एवढी मोठी परंपरा, पण तिची नोंद किती झाली? तबकडीचा बाजार एका मोठ्या कंपनीच्या मुठीत होता आणि रेडिओवर कोणाचा आवाज जावा हे ठरवणारे वेगळे होते. जलसा ज्या रात्री झाला त्या रात्रीच विरत होता. १९८० च्या आसपास टेपरेकॉर्डर स्वस्त झाले, आखाती देशांत गेलेल्या मजुरांनीही ते आणले, आणि परिस्थिती पालटली. छोट्या छोट्या कंपन्या निघाल्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज वस्तीवस्तीत पोचले. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनी पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींचे ढीग लागू लागले. याशिवाय एक तिसरा प्रकार होता, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. वस्तीतल्या कार्यक्रमात कोणीतरी टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतलेली कॅसेट. तिच्यावर कंपनी नाही, किंमत नाही. पेनाने लिहिलेली तारीख असली तर असली. ती एकाने दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने उतरवून तिसऱ्याला दिली. युरोपातील ते भूमिगत जाळे आणि आपले हे जाळे एकाच काळातले आहे, आणि एकाला दुसऱ्याची खबर नव्हती.

दोघांत फरक मात्र मोठा आहे. त्यांनी कॅसेटमध्ये गोंगाट भरला, आपण शब्द भरले. भाचा याचे समर्थन असे करतो, की शब्दांनी त्यांना फसवले होते; जाहिरातीचे शब्द, पुढाऱ्यांचे शब्द; म्हणून त्यांनी शब्दच टाकून दिले. मी त्याला म्हणालो, ज्यांच्या हाती शब्द होते त्यांना ते टाकता आले. आपल्याला शब्दाचीच बंदी होती. ज्याला पिढ्यान् पिढ्या बोलू दिले नाही त्याच्या हाती यंत्र आले तर तो आधी नाव सांगेल, तारीख सांगेल, बाबासाहेब काय म्हणाले ते सांगेल. आणि तरीही त्या शब्दांना समोरचा गोंगाटच म्हणेल. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा त्यातली भाषा किती जणांना भाषा वाटली?

विश्रामबागेत राहून हे अधिक जाणवते. सांगली आणि मिरज यांच्या मधोमध ही वस्ती. एका हाताला विष्णुदास भाव्यांची नाट्यपंढरी, दुसऱ्या हाताला मिरज. तेथे भोपळ्यापासून सतार-तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांच्या पेठा आहेत आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची स्मृती आहे. या वारशाबद्दल मला आदर आहे. तो वारसाही हातांनी काम करणाऱ्या मुसलमान कारागिरांनी घडवला आहे. पण याच मातीत हलगी, घुमके आणि कैताळ वाजत आले, त्याला कोणी वारसा म्हटले नाही. तबल्यालाही कातडे असते आणि हलगीलाही. एक बैठकीत मांडला गेला, दुसरी मिरवणुकीपुढे चालवली गेली. मातंग वादकाने जाळावर हलगी तापवून घाव घातला की त्यावर गाव नाचत असे, पण वादकाला पाणी वरून ओतले जाई. आपल्या बौद्ध समाजाने १९५६ च्या धर्मांतरानंतर गावकीची कामे टाकली, ते योग्यच केले. पण त्याबरोबर वाद्याकडेही आपण संशयाने पाहू लागलो आणि मातंग बांधवांच्या हलगीलाही कधी कधी गोंगाट म्हणू लागलो. हा दोष आपल्या पदरी घेतला पाहिजे.

आता मी त्या नऊ कॅसेटींकडे येतो. भाच्याने त्या एकेक करून लावल्या. त्यांतल्या दोन एकाच चाळीतल्या, एकाच कार्यक्रमाच्या आहेत. एक १४ एप्रिल १९८१ ची, दुसरी १४ एप्रिल १९८२ ची. मी इतकी वर्षे त्यांतली गाणी ऐकत आलो आणि मधला खरखराट, मुलांचे रडणे, नळावरच्या बादल्या, माइकची शिटी यांना दोष समजत आलो. या वेळी भाचा गाणी ऐकतच नव्हता. तो मागचे ऐकत होता. त्याने टेप थांबवली, मागे घेतली आणि विचारले, "मामा, हे काय वाजलं?"

१९८१ च्या कॅसेटमध्ये गाणे ऐन रंगात असताना लांबून भोंगा होतो. मध्यरात्रीची पाळी. गायक एक क्षण थांबतो, कोणीतरी काहीतरी बोलते, लोक हसतात, आणि गाणे पुन्हा सुरू होते. १९८२ ची कॅसेट आम्ही दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ऐकली. तीच चाळ, तोच कार्यक्रम, पण भोंगा नाही. संपाचा तिसरा महिना संपत आलेला होता. त्या संपावर मी पुष्कळ वाचले आहे, वर्गात शिकवलेही आहे. पण तो संप मी ऐकला तो त्या दिवशी, आणि तोही एका न झालेल्या आवाजात.

माझ्या मताला तेथे दुरुस्ती करावी लागली. आपण शब्द भरले हे खरे. पण आपल्या कॅसेटींनी आपल्या नकळत गोंगाटही भरून ठेवला आहे, आणि तोही आपला इतिहास आहे. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. बी. डी. डी. चाळी पाडून त्या जागी टोलेजंग इमारती येत आहेत. त्या जगाचा आवाज कोणत्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही. तो असेल तर आपल्या माळ्यांवरच्या अशा कॅसेटींत आहे.

आणि त्या कॅसेटी मरत आहेत. प्लास्टिकच्या पट्टीवरचा चुंबकीय लेप दमट हवेने सुटतो, त्यावर बुरशी धरते. २००५ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. २०१९ ला आयर्विन पुलाशी ते ५७ फुटांवर गेले होते. पाणी ओसरल्यावर लोकांनी चिखलात भिजलेल्या गाद्या, वह्या, पुस्तके रस्त्यावर टाकली, त्यांत कॅसेटीही होत्या. कोणी त्यांची मोजदाद केली नाही. माझ्या नऊ वाचल्या, कारण माझे घर उंचावर होते. इतिहास घराच्या उंचीवर अवलंबून ठेवणे आपल्याला परवडणारे नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि माझ्या शिक्षक बांधवांना काही साध्या गोष्टी सुचवतो. घरात, विहारात, मंडळाच्या कपाटात जुन्या कॅसेटी असतील तर त्या काढा. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे चौकोनी तुकडे असतात, ते मोडा. म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. कर्ण्यांच्या चुंबकापासून आणि ओलीपासून ती दूर ठेवा. बुरशी दिसली तर लगेच लावू नका. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. नंतर ती संगणकावर उतरवून घ्या, आणि उतरवताना खरखराट काढून टाकण्याचा मोह आवरा. गाणे स्वच्छ करण्याच्या नादात भोंगा पुसला जाईल. गाणारा कोण, ढोलकीवर कोण, हलगीवर कोण, वस्ती कोणती, साल कोणते, हे जाणती माणसे हयात आहेत तोवर विचारून लिहून ठेवा. ढोलकी आणि हलगी वाजवणाऱ्याचे नाव तर आवर्जून लिहा, कारण तेच सर्वांत आधी गळते.

भाच्याची ती परदेशी कॅसेट मी नंतर पूर्ण ऐकली. मला ती आवडली असे म्हणणार नाही. पण ती बंद कर असे मी आता त्याला सांगत नाही. सध्या तो वडिलांची तिसरी कॅसेट उतरवतो आहे. तिच्यावर तारीख नाही. कोणत्या वर्षाची असावी हे आम्ही भोंगा ऐकू येतो की नाही यावरून ठरवणार आहोत.